अण्णांच्या पुढ्यातली गाडी

आमच्या माजिवड्याच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, एक लोखंडी वस्तू आहे. गुडघ्याएवढी उंच, खाली चार चाकं, वर तिरकी फळी आणि मध्ये एक कप्पा. आलेला पाहुणा आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि आपापला अंदाज सांगतो. कुणाला ते चपलांचं कपाट वाटतं, कुणाला अण्णांच्या व्यायामाचं यंत्र. माझ्या साडूंनी तर खुर्चीत बसून तिच्यावर दोन्ही पाय ठेवून बघितले आणि "आराम पडतो" असं प्रमाणपत्रही दिलं. भाषण करणाऱ्या माणसाच्या पुढ्यात जमिनीवर जो टीव्ही ठेवतात, त्याची ही गाडी आहे, असं मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पण तुमच्याकडे भाषण करतं कोण?"

दर वेळी सांगून दमलो, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो. मी एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. अठ्ठावीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहितोय. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण माझ्या इतिवृत्तातली एक ओळ कधी गळाली नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढे ते लागणार आहे.

माझी आई रमाबाई मंगळवारी पहाटे आमच्या मोहन्याच्या जुन्या घरी वारली. बारा दिवसांनी, रविवारी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. आमच्यात माणूस गेलं की हा कार्यक्रम असतो. भंतेजी येतात, वंदना होते, आणि मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. मोहन्यात गेली चाळीस वर्षं हे दोन शब्द मुख्यतः माझे वडील, सीताराम अण्णा, बोलत आले आणि त्यांचे दोन शब्द पाऊण तासाच्या आत कधी संपले नाहीत. अण्णा रेयॉन कंपनीत होते. कंपनी बंद पडली, पण अण्णांचा आवाज बंद पडला नाही. वस्तीत कुणी अत्यवस्थ असलं की घरचे लोक आधी डॉक्टरला फोन करत आणि मग अण्णा गावात आहेत ना, याची चौकशी करत.

या भाषणांत आईचंही एक काम असे. ती बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, अण्णांच्या बरोबर समोर बसायची. अण्णा बोलण्याच्या भरात एखादा शब्द विसरले की ती तो खालून सांगायची. आंघोळीला गेलेल्या माणसाला टॉवेल द्यावा इतक्या साध्या आवाजात. अण्णा तो घेऊन पुढे जायचे. सगळ्या मोहन्याला हे माहीत होतं आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

मागच्या वर्षी धाकटे वाघमारे गेले, तेव्हा आई गुडघ्याच्या दुखण्यानं घरी होती. अण्णा एकटे गेले आणि त्यांनी थोरल्या वाघमाऱ्यांना आदरांजली वाहिली. थोरले वाघमारे समोर खुर्चीवर जिवंत बसलेले होते. त्यांनी दहा-बारा मिनिटं काहीच हरकत घेतली नाही, कारण त्यांच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. शेवटी "अशा या थोर माणसाचं कलेवर आम्ही खांद्यावरून नेलं," असं अण्णा म्हणाले तेव्हा ते डोळे पुसत उठले आणि हात जोडून म्हणाले, "सीतारामजी, मी हाय अजून." त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. अण्णांची आठवण जात चालली आहे आणि ती येण्यातली नाही, एवढं मोठ्या इंग्रजीत लिहिलेलं आम्हाला मिळालं.

म्हणून आईच्या कार्यक्रमाची यादी करताना विहार कमिटीचा सेक्रेटरी महेंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "प्रशांतदादा, अण्णांबद्दल आदर हाय. पण या टायमाला वक्त्यांमध्ये मी त्यांचं नाव नाय लिहीत."

"बायकोच्या कार्यक्रमात नवरा बोलणार नाही?"

"बोलतील ओ. पण कुणाबद्दल बोलतील?"

 अण्णा दारातच उभे होते, आणि तो त्यांचा समजण्याचा दिवस होता. अण्णांचे दोन प्रकारचे दिवस असत. एका प्रकारच्या दिवशी त्यांना आई गेल्याचं माहीत असे. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी ते विचारत, "रमा कुठं गेली?" आम्ही सांगायचो, आणि ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकायचे. असं तीनदा झाल्यावर चौथ्यांदा मी "बाजारात गेलीय" असं सांगितलं. यादीच्या त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "महेंद्र, मी सगळ्यांसाठी बोललो. तुझ्या बापासाठीबी बोललो. रमासाठी तेवढं नको बोलू?"

महेंद्रनं मान खाली घालून अण्णांचं नाव लिहिलं. पण दोन अटी घातल्या. अण्णांनी लिहिलेलंच वाचायचं, मनचं बोलायचं नाही. आणि बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांच्या आड काही येता कामा नये.

वाचायचं, पण कशावरून? अण्णांचा हात थरथरतो. कागद हातात दिला की तो कागद न राहता पताका होतो. स्टँडवर ठेवावा, तर डोळ्यांना हाताच्या पंजाएवढं अक्षर लागतं, म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला चाळीस पानं. ती उलटणार कोण? तेव्हा माझी मुलगी मेघना, जी कंपन्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका ऑफिसात आहे, तिनं तोडगा काढला. "पप्पा, आमच्याकडे सीईओलोकांसाठी असतं ना, स्टेजवर त्यांच्या समोर खाली टीव्ही ठेवतो. ते प्रेक्षकांकडे बघतायत असं वाटतं, पण वाचत असतात. कॉन्फिडन्स मॉनिटर म्हणतात त्याला." म्हणजे आत्मविश्वासाचा टीव्ही. अण्णांकडे आत्मविश्वास सोडून बाकी सगळंच संपत आलं होतं.

टीव्ही आमच्या घरचा होता. माझी बायको अमृता भिंतीवरून तो उतरवायला लगेच तयार झाली. राहिली ती त्याखालची गाडी. जमिनीलगत हवी, नाहीतर प्रतिमा झाकतील. तिरकी हवी, नाहीतर अण्णांना दिसणार नाही. चाकं हवीत, कारण वंदना झाल्यावर ती आत आणायची आणि भाषण झाल्यावर बाहेर न्यायची. मेघनाच्या ऑफिसातल्या तिन्ही गाड्या हैदराबादला गेलेल्या होत्या. मग मी म्हणालो, बनवून घेऊ. आई जाऊन पाच दिवस झाले होते, रजा होती, आणि मला घरात बसवत नव्हतं. मला रडूही येत नव्हतं. लोक भेटायला येत, माझ्या खांद्यावर हात ठेवत, वाट बघत आणि थोडे नाराज होऊन जात. अशा माणसाला एखादं काम लागतं.

आमच्या वरच्या मजल्यावर आनंद प्रधान राहतात. एका मोठ्या कारखान्याच्या डिझाइन खात्यातून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून इमारतीतली कुठलीही वस्तू डिझाइनशिवाय हलू नये असं त्यांचं मत आहे. ते सांत्वनाला आले, गाडीचा विषय निघाला, आणि सांत्वन तिथेच थांबलं. तासाभरात ते आलेखाचा कागद घेऊन परत आले. "हे बघा प्रशांतराव, तिरकेपणा तीस अंश. गुरुत्वमध्य खाली ठेवायचा. वडिलांची उंची किती? डोळ्यांची उंची किती? चष्म्याचा नंबर?" दुसऱ्या दिवशी आवृत्ती दोन आली, तिसऱ्या दिवशी आवृत्ती तीन. ब्रेकचं मी विचारलं, तर ते हसले. "सपाट जागेवर ब्रेक कशाला? गाडी स्वतःहून हलेल असं एक कारण सांगा."  चित्राकाकू, त्यांच्या पत्नी, मागून म्हणाल्या, "अहो, खाली एक वीट लावायला सांगा की." प्रधानकाकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पोळ्या करायला निघून गेल्या.

विठ्ठलवाडीला दगडू मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान आहे. वडापावच्या गाड्या आणि दवाखान्यांचे स्ट्रेचर ही त्यांची खासियत. मी आलेख पुढे केला. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ बघितला.

"कशासाठी?"

"आईच्या कार्यक्रमासाठी."

"आई कशा हायेत आता?"

"गेली."

दगडू मिस्त्रींनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "वजन किती होतं त्यांचं?"

टीव्ही ठेवायचाय हे त्यांना पटायला चहा लागला. पटल्यावर मात्र ते पेटले. "स्ट्रेचरची बेअरिंगवाली चाकं टाकतो. ढकलायला नको, नुसतं बघितलं तरी चालंल." ब्रेकवाली चाकं नव्हती, ती सोमवारी येणार होती. कार्यक्रम रविवारी होता. "ब्रेक नको," मी म्हणालो, आणि प्रधानकाकांचं कारण जसंच्या तसं सांगितलं. दगडू मिस्त्री म्हणाले, "शिकलेल्या माणसापुढं मी काय बोलू."

गाडी तयार झाली आणि टेम्पोतून माजिवड्याला आली, कारण टीव्ही तिच्यावर बसवून बघायचा होता. गेटवर वॉचमननं अडवलं. सोसायटीच्या वहीत वाहनांचे दोनच रकाने आहेत, दुचाकी आणि चारचाकी, आणि चाकं मोजून बघितल्यावर मलाही वाद घालता येईना. मी ‘चारचाकी, पाहुणे’ अशी नोंद करून सही केली. नंबरच्या जागी ‘नाही’ असं लिहिलं. कुणाच्या तेराव्याला नातेवाईक जमावेत तसे शेजारी लिफ्टपाशी जमले आणि गाडी उभी न्यावी की आडवी यावर त्यांच्यात दोन तट पडले. तट मिटेपर्यंत मी गाडी खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर चढलो होतो.

आता सभागृह. महेंद्रनं मोहन्याजवळचं एक सभागृह तोंडी ठरवलं होतं, फक्त फॉर्म भरायचा होता. तो मी भरला, कारण फॉर्म भरणं हे माझं क्षेत्र आहे. कुठल्या कार्यालयात भरला ते लिहीत नाही. मलाही नोकरी आहे. ‘वापरावयाची विद्युत उपकरणे’ या रकान्यात मी माइक, दोन पंखे आणि टीव्ही असं लिहिलं. खिडकीमागचे गृहस्थ टीव्हीवर बोट ठेवून थांबले.

"टीव्ही म्हणजे करमणूक. शोकसभेच्या फॉर्मवर करमणूक बसत नाही."

"भाषण वाचण्यासाठी आहे तो."

"मग वाचन लिहा."

"लिहितो."

"वाचनाचे कार्यक्रम पलीकडच्या खिडकीवर."

पलीकडच्या खिडकीवरच्या बाईंनी माझा फॉर्म वाचला, मला पाणी दिलं, आईचं वय विचारलं, हळहळल्या, आणि मयताचे कार्यक्रम अलीकडच्या खिडकीवर असतात असं सांगितलं. मी स्वतः लिपिक आहे. समोरचा कामात कुठे कमी पडतोय हे मला लगेच कळतं. इथे कुणीच कुठे कमी पडत नव्हतं. गुरुवारपर्यंत मी सहा फेऱ्या मारल्या आणि शुक्रवारी ते सभागृह दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

"टीव्ही लिहायचाच कशाला?" महेंद्र कपाळावर हात मारून म्हणाला. "कोण बघायला येणार होतं, दादा? एक शब्द गाळायचा ना!"

मी गाळत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानं अमृताकडे बघितलं. अमृतानं छताकडे बघितलं. मग कार्यक्रम विहाराच्या अंगणात घ्यायचं ठरलं.

या अंगणाबद्दल दोन शब्द. पूर्वी तिथे पाण्याचं तळं व्हायचं. सत्त्याऐंशी साली फरशी घातली, तेव्हा कमिटीचे सेक्रेटरी अण्णा होते. विहाराच्या पायरीपासून रस्त्याकडच्या गटारापर्यंत उतार निघालाच पाहिजे, म्हणून ते तीन दिवस गवंड्याच्या डोक्यावर बसले होते. गवंडी काम सोडून निघाला होता, आईनं त्याला जेवायला घालून परत आणला. उतार इतका बेमालूम निघाला की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फक्त पाण्याला दिसतो.

भाषणाचा मजकूर अण्णांनी तीन दिवस मला सांगितला आणि मी लिहून घेतला. तिन्ही दिवस वेगळी आई सांगितली. एक दिवस ती मोर्चात पुढे होती, एक दिवस ती कधी घराबाहेरच पडली नव्हती. सही करायला शिकल्यावर महिन्याभरात तिनं चाळीतल्या सगळ्या बायकांना सही शिकवली, रेशनकार्डावर कुणी अंगठा उठवायचा नाही म्हणून, हे मात्र दोनदा आलं. आणि एक वाक्य तिन्ही दिवस आलं: ‘ती समोर बसायची, म्हणून मला बोलता यायचं.’ ते मी शेवटी घेतलं. त्याच्या आधी, कार्यक्रम कशाचा आहे हे कुठेतरी यायला हवं, म्हणून माझ्या पद्धतीनं एक ओळ घातली: ‘मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी रमाबाई आपल्यातून गेल्या.’

मेघनानं टाइप करता करता हात थांबवले. "पप्पा, ही ओळ नको."

"का?"

"त्या दिवशी आजोबांना माहीत नसलं तर? ते ही पहिल्यांदाच वाचतील. माइकवर. सगळ्यांसमोर."

"शोकसभेत मृत्यूचा उल्लेख नको? मग लोक जमलेत कशाला?"

"लोकांना माहितीये ना, पप्पा!"

पण मी अडून बसलो. कदाचित सहा फेऱ्यांचा राग होता. कदाचित ती ओळ मलाच कुठेतरी लिहायची होती आणि दुसरीकडे जागा नव्हती. मेघनानं ओळ टाइप केली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी अण्णा पांढरा सदरा घालून अंगणाच्या फाटकाशी उभे राहिले. चाळीस वर्षांची सवय, येणाऱ्याला नमस्कार करायचा. मी जवळ गेलो तर ते थोरल्या वाघमाऱ्यांना सांगत होते, "या, बसा. रमा येतेय मागनं." वाघमाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा तर स्वतःच्याच बाबतीतला अनुभव होता. ते "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत आत गेले. वंदनेच्या वेळी अण्णांनी आईच्या फोटोला फूलही वाहिलं. मागे सरकून फोटो निरखला आणि म्हणाले, "चांगला आलाय."

मेघना माझ्या कानाशी आली. "अजून काढता येईल, पप्पा. एक बटण दाबायचंय."

"कार्यक्रम सुरू झालाय," मी म्हणालो. माणूस किती मूर्ख असू शकतो याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हेही लिहितो.

भंतेजींचं झालं, महेंद्रचं झालं, आणि मी गाडी आत आणली. विहाराच्या पायरीखाली अण्णा, त्यांच्या पुढ्यात दोन पावलांवर गाडी, तिच्यापुढे मोकळी वाट, वाटेच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला चटईवर बायका. लॅपटॉप गाडीच्याच कप्प्यात होता आणि ओळी पुढे सरकवायचा छोटा रिमोट पायरीच्या कडेला बसलेल्या मेघनाच्या हातात. विजेचं बटण विहाराच्या भिंतीवर होतं, म्हणून तिथे, अण्णांच्या पाठीशी, मी उभा राहिलो. हातात लांब वायरचं वेटोळं. शेजारी प्रधानकाका, पांढऱ्या सदऱ्यात, देखरेखीला.

अण्णांनी माइक धरला. टीव्हीवर अक्षरं आली आणि त्यांचा आवाज लागला. काय सांगू, तोच जुना आवाज! लोक सावरून बसले. सहीची गोष्ट आली तेव्हा बायकांतून कुणीतरी "मलाबी तिनंच शिकवली" असं म्हणालं आणि अण्णा न अडखळता पुढे गेले.  सहा फेऱ्या, आवृत्ती तीन, चारचाकी पाहुणे, सगळं वसूल झालं असं वाटलं.

आणि गाडी हलली.

मला वाटलं भास झाला. पण प्रधानकाकांच्या तोंडून "अरेच्चा" निघालं. गाडी अंगुळभर पुढे गेली, मग वीतभर. अक्षरं लांब गेली तसे अण्णा थांबले, डोळे बारीक केले आणि एक पाऊल पुढे टाकून वाचायला लागले. गाडी अजून पुढे गेली. अण्णाही गेले. कुणी उठून गाडी धरेना, कारण बोलणाऱ्याच्या समोर आडवं जायची आमच्याकडे रीत नाही. शिवाय लोकांना ते यंत्रच तसं आहे असं वाटलं. चाळीस वर्षांत जागेवरून न हललेला वक्ता आज माणसांत उतरत होता. दोघा-तिघांनी मोबाइल काढले. ब्रेक नसलेली गाडी अण्णांनीच काढलेल्या उतारावरून सावकाश चालली होती, आणि शब्द पुढे आणि अण्णा मागे असे ते दोघे गटाराकडे निघाले होते.

मी काय करणार? पतंगाला द्यावी तशी वायरला ढील देत राहिलो. ओढली असती तर टीव्ही आपटला असता. "पुरेल, भरपूर आहे," प्रधानकाका कुजबुजले. वेटोळं खरोखरच भरपूर होतं. अण्णा आता बायकांच्या पहिल्या रांगेपाशी पोचले होते. "पंचावन्न वर्षांचा आमचा संसार," त्यांनी वाचलं, आणि मला एकदम कळलं की पुढची ओळ कुठली.

मेघनानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. रिमोट तिच्या हातात होता, पण एक ओळ पुढे गेली की तीच ओळ येणार होती.  अण्णा नवी ओळ यायची वाट बघत उभे होते. आई नेहमी बसायची त्या जागेच्या अगदी समोर. ती जागा रिकामी होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी तिथे बसलं नव्हतं.

मी वायरवर पाय ठेवला.

गाडी तेवढ्यात अजून थोडी सरकली, वायर ताठ झाली आणि टीव्हीमागची पिन निघाली. पडदा काळा झाला. अण्णा त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, समोरच्या रिकाम्या चटईकडे बघितलं आणि माइकवरच, अगदी घरात विचारावं तसं विचारलं, "रमा, पुढं काय होतं?"

तीनशे माणसं होती. गटाराचं पाणी ऐकू येत होतं.

रिकाम्या जागेशेजारी रखमाबाई बसल्या होत्या, आमच्या भिंतीला भिंत असलेल्या, आईच्या पन्नास वर्षांच्या शेजारीण. त्या वर न बघता म्हणाल्या, "पुढं काय नाय, भावजी. झालं. बसा आता."

"बरं," अण्णा म्हणाले. माइक त्यांनी गाडीवर ठेवला आणि खाली बसले. तिथेच, बायकांच्या चटईवर, आईच्या जागेवर.

कार्यक्रमानंतर सगळ्यांनी मला बोलून घेतलं. जेवणाच्या पंगतीत महेंद्र म्हणाला, "दादा, एवढा घाट घातला आणि साधी वायर धरता आली नाय?" साडू म्हणाले की सरकारी माणसाच्या हातात वायर द्यायचीच कशाला.  मेघनानं माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला. वायरचं निम्मं वेटोळं माझ्या हातात शिल्लक होतं आणि माझा पाय कुठे होता, हे प्रधानकाकांनी शेजारून बघितलं होतं. कुठल्याही चुकीचं कारण सांगितल्याशिवाय राहू न शकणारा तो माणूस. पण त्या दिवशी ते गप्प राहिले. परतताना फक्त म्हणाले, "ब्रेक हवा होता. माझं चुकलं."

सोमवारी दगडू मिस्त्रींचा फोन आला, ब्रेकवाली चाकं आली म्हणून. मी गाडी घेऊन विठ्ठलवाडीला गेलो. कशासाठी गेलो, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी जुनी चाकं काढता काढता विचारलं, "झाला का कार्यक्रम? आईचं नीट झालं ना सगळं?" मी "हो" म्हणालो आणि त्यांच्या दुकानातल्या लोखंडी स्टुलावर बसून रडलो. बराच वेळ रडलो. मिस्त्रींनी मशीन बंद केलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून चाकं बसवत राहिले. आता ती गाडी धक्का मारला तरी हलत नाही.

अण्णा आता आमच्याकडे माजिवड्यालाच असतात. टीव्ही परत भिंतीवर गेला. गाडी कोपऱ्यात आहे, कारण ती टाकून द्यायचा विषय काढायला कुणी तयार नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला अण्णा उठतात, सदरा सारखा करतात, गाडीसमोर उभे राहतात आणि बोलायला लागतात. मजकूर त्यांना बराचसा पाठ आहे. बाकीचं सगळं जातंय, हा कसा राहिलाय ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी ऑफिसातून लवकर निघतो आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसतो. सहीची गोष्ट येते, मोर्चा येतो, पंचावन्न वर्षांचा संसार येतो. तिथे ते रोज थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

"पुढं काय होतं?"

"ती समोर बसायची," मी सांगतो.

"हां. ती समोर बसायची, म्हणून मला बोलता यायचं," अण्णा म्हणतात आणि समाधानानं खाली बसतात.

मधली एक ओळ मी गाळतो.